तीन प्रतिज्ञापत्रं आणि एक बाक

दहावीच्या मार्क्स कार्डावर माझं नाव, मग बाबांचं, मग आडनाव. आधारवर नावापुढं फक्त दोन इनिशियल. आमच्या सीमाभागात हे घरोघरी आहे. बीएस्सी नर्सिंग झालं, कर्नाटक राज्य नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाली, बेळगावच्या एका हॉस्पिटलात कार्डियाक मॉनिटरिंग युनिटही मिळालं. तिथं कागद तपासणाऱ्या साहेबांनी त्या दोन इनिशियलवर बोट ठेवलं. "ही तुम्हीच कशावरून?"

प्रतिज्ञापत्र आणा म्हणाले. खानापूरहून सकाळची बस धरली, कोर्टाजवळ ई-स्टॅम्प पेपर, टायपिंग, नोटरी. साहेबांनी वाचलं. कन्नडमध्ये का केलंत, पीएफला इंग्रजीत हवं. दुसरं केलं. त्यात आडनावात एक 'ए' कमी. तिसरं घेऊन गेले तर साहेब रजेवर. त्यांच्या जागेवरचा मुलगा चहा ढवळत म्हणाला, "नाळे बर्री, मेडम." उद्या या! त्या तीन आठवड्यांत हे इतक्यांदा ऐकलं, की आईनं फोनवर "झालं का गं?" विचारलं की मीच म्हणायचे, नाळे बर्री.

वाट बघत त्या बाकावर बसून एक मात्र झालं, ईसीजीची स्ट्रिप, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची कागदी पट्टी, वाचायला शिकले. कॉलेजात पाठ केलेलं सगळं विसरले होते. झेरॉक्स काढलेल्या स्ट्रिपा मांडीवर घ्यायच्या आणि पेन्सिलीनं प्रत्येक आर लाटेवर, म्हणजे ठोक्याच्या उंच टोकावर, टिंब द्यायचं. कागद सेकंदाला 25 मिमी सरकतो, म्हणजे मोठा चौकोन 0.2 सेकंदाचा. ठोके नियमित असले तर दोन आरमधले मोठे चौकोन मोजा आणि 300 ला त्या आकड्यानं भागा, मिनिटाचे ठोके मिळतात. एएफसारखे (एट्रियल फिब्रिलेशन, हृदयाची लय बिघडते तो आजार) वेडेवाकडे असले तर 30 मोठ्या चौकोनांतले, म्हणजे सहा सेकंदांतले, आर मोजून दहानं गुणा. शेजारी बसलेले एक काका बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "पोरी, भूकंपाची नोंद काय गं ही?"

सुटका झाली ती पलीकडच्या टेबलावरच्या बाईंमुळे. तिन्ही प्रतिज्ञापत्रं एकत्र टाचली, दोन मिनिटांत शिक्का. वर म्हणाल्या, पहिलंच चाललं असतं. अजून आठवलं की डोकं फिरतं. शेवटच्या वर्षाला असाल तर आजच मार्क्स कार्ड, आधार, पॅन शेजारी ठेवून नाव अक्षर अक्षर जुळवा.

बीएलएसचा (बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे जीव वाचवायच्या प्राथमिक उपचारांचा) कोर्सही रुजू व्हायच्या आधीच उरका. कार्डाची मुदत दोन वर्षं असते, तारीख बघून ठेवा.

पहिल्या आठवड्यात पहाटे मॉनिटरवर व्हीटीसारख्या (हृदयाची जीवघेणी ठरू शकणारी वेगवान लय) रुंद लाटा आल्या, अलार्म कोकलला. मी धावले. सीनियर सिस्टर सावकाश मागून आल्या. आजोबा गादीवर बसून दात घासत होते. नाडी मोजली, 78.

कन्नड कच्चं असेल तर 'एदे नोवु' म्हणजे छातीत दुखणं, एवढं तरी हवंच. खेड्यातले लोक 'ब्यानी'ही म्हणतात. 'त्रास' मात्र दोन्हीकडं चालतो.

आणि हो, मॉनिटरच्या केबलचं, पेशंटच्या अंगाला लावतो त्या वायरींचं, राहिलंच. आमच्याकडं दोन पद्धतींच्या आहेत. एकीत उजव्या खांद्याला लाल, दुसरीत पांढरी, आणि त्या दुसरीतली लाल जाते डावीकडं पोटाच्या बाजूला. मी रंग पाठ केले होते. क्लिपवरची अक्षरं बघून लावा.