पाणलाव्याला एक तारा

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो चढवला की त्याला एक ते पाच तारे देता येतात, स्वतःच्या फोटोलाही. पक्षी किती दुर्मीळ हे बघायचं नाही, फोटो कसा आलाय तेवढंच बघायचं. हे फोटो कॉर्नेल विद्यापीठाच्या मॅकॉले लायब्ररीत जमा होतात, नवखी पोरं त्यावरून पक्षी ओळखायला शिकतात. म्हणून हे काम मी मनापासून करते.

फिरून आल्या दिवशी तारे देत नाही. बेळगाव जिल्ह्यात जांबोटीच्या पुढे कणकुंबीकडे, पायाला जळवा लागलेल्या असताना धुक्यात मिळालेला फोटो त्या रात्री सुंदरच वाटतो. चार-आठ दिवस जाऊ देते. मग संगणकावर मोठा करून आधी डोळा बघते. त्यात उजेडाचा ठिपका आहे का? चोचीच्या बुडाची बारीक पिसं सुटी दिसतात, की सगळा लगदा झालाय? पावसाळ्यात रानात उजेड नसतो, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ३२०० च्या वर न्यावा लागतो आणि फोटोवर दाणे उठतात. त्यात शेपूट फांदीआड असली की माझ्याकडून तीन. तीन तारे वाईट नव्हेत, आमच्या रानातले बरेच चांगले फोटो तिथेच बसतात.

पण तारे कमी म्हणून फोटो काढून टाकायचा नाही, हे मला मामानं शिकवलं. त्यानं कॅमेरा कधी हातात धरला नाही. दुर्बीण आणि वही, बस्स. राकसकोपच्या वाटेवर भातकापणी झालेल्या शेतात बांधावरून पाणलावा, चिखलात चरणारा लांब चोचीचा पक्षी, उठला, वेडावाकडा उडाला. माझा फोटो पार हललेला, डोकं कुठलं तेही कळेना. पंखाच्या मागच्या कडेची पांढरी पट्टी मात्र स्वच्छ. साध्या पाणलाव्याला ती असते, पिनटेल पाणलाव्याला नसते. बसलेले असताना दोघांत फरक करणं महाकठीण. मामा म्हणाला, "हीच पट्टी पाहिजे होती बघ. तारा एकच दे, पण ठेव की गं हा."

उलट, पाच तारे बघून मला हल्ली आधी काळजी वाटते. मागच्या उन्हाळ्यात खानापूर तालुक्यात कवड्या धनेशाची ढोली दिसली. ठिकाण लिहीत नाही. मादी आत स्वतःला लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते, आणि नर फळं आणून भरवतो. झाडाखाली कॅमेरे लावून माणसं बसली होती. नर चोचीत फळ धरून लांबच्या झाडावर थांबलेला, ती माणसं उठेपर्यंत ढोलीकडे फिरकला नाही. त्यांतला एक फोटो नंतर मी पाहिला. लाल डोळा, सोंडेएवढ्या चोचीची कड न् कड स्पष्ट. फोटो म्हणून पाचच द्यावे लागतील. आतली किती वेळ उपाशी राहिली, हे त्यात कुठे दिसणार? म्हणून घरट्याचा फोटो मी काढत नाही आणि दुसऱ्यानं काढलेल्याला तारे देत नाही.

त्या नराचा माझ्याकडे रस्त्यावरून काढलेला, उडतानाचा फोटो आहे. दोन तारे. मामानं यंदा रस्त्यालगतचा एक उंबर हेरून ठेवलाय. तिथं धनेश फळं खायला येतात आणि सकाळचं ऊन आपल्या पाठीमागून पडतं. फळं पिकली की जाऊ.