आमची वाटचाल : घंगाळ, रिठे आणि खाकी कागद

२००२ साली नाशकात मी लोकरीचे कपडे हाताने धुऊन द्यायला सुरुवात केली, तेव्हा सासूबाई एवढंच म्हणाल्या, "केमिस्ट्रीत बी.एस्सी. करून लोकांचे स्वेटर धुणार?" भांडवल म्हणजे आजेसासूबाईंचं पितळी घंगाळ, गोणीभर रिठे, एक थर्मामीटर आणि खाकी कागदाचा रोल. मावसभाऊ भागीदार. त्याची स्कूटर, त्याचीच गच्ची.

कागद कशाला, हे नवं गिऱ्हाईक अजून विचारतं. कोरडा स्वेटर कागदावर पसरून पेन्सिलीने बाहेरून आखून घ्यायचा. बाही, बगल, घेर, सगळं. धुतल्यावर ओला स्वेटर त्याच आखणीवर ठेवून बोटांनी चोपत, हलकेच ओढत मापात बसवायचा आणि मग जाळीच्या बाजेवर, सावलीत, आडवाच वाळवायचा. दोरीवर टाकला तर पाण्याच्या वजनानं बाह्या गुडघ्यापर्यंत येतात. आणि पेन्सिलच हवी. पेनाची शाई ओल्या लोकरीला लागली की निस्तरता निस्तरत नाही.

देवळाली कॅम्पातले एक निवृत्त सुभेदार हे आमचं पहिलं कायमचं गिऱ्हाईक. होळी झाली की बुलेटवरून यायचे. जुन्या धोतरात बांधलेलं गाठोडं, त्यात दोन हिरव्या जर्स्या आणि एक कुलूची शाल. पावती कधी मागितली नाही. जर्सी परत घेताना मात्र कॉलर नाकाशी नेऊन वास घ्यायचे, मग मान डोलवायचे.

२००६च्या डिसेंबरात सगळं संपल्यात जमा होतं. त्या आठवड्यात निफाडचा पारा उतरला होता, कपड्यांचा ढीग लागला होता आणि मी लग्नासाठी माहेरी. मावसभावाचा धीर सुटला. त्यानं अठरा स्वेटर घरच्या वॉशिंग मशिनमध्ये कोंबले, गीझरचं कढत पाणी सोडलं आणि घरात होती ती पावडर टाकली. मी परत आले तेव्हा बाजेवर ओळीनं बाहुल्यांचे कपडे वाळत होते. हात लावला तर पुठ्ठा.

लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ऊन पाणी, पावडरीतला खार आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात आणि सुटत नाहीत. नमदा, म्हणजे लोकर घट्ट दाबून केलेलं जाजम, असाच तर बनवतात. वर त्या पावडरीत प्रथिनं खाणारी एन्झाइम्स. घामाचे, अंड्याचे डाग त्यांनीच निघतात, पण लोकरही प्रथिनच की! हे मी त्याला दहादा सांगितलं होतं. "एवढं काय होतंय," हे त्याचं उत्तर मला अजून ऐकू येतं.

एक पाटली मोडली आणि सगळ्यांची भरपाई केली. तो स्कूटर घेऊन गेला, नंतर राखीलासुद्धा आला नाही. भरपाईत त्याचा एक रुपया नाही, हे इथे लिहून ठेवते.

त्या अठरांत सुभेदारांची एक जर्सी होती. त्यांनी ती छातीला लावून पाहिली, हसले. "नातवाला होईल." पैसे घेतले नाहीत. गाठोड्यातून शाल काढून माझ्यापुढे ठेवली. "ताई, आता ही घ्या. पण तुम्हीच धुवायची."

पुढची नऊ-दहा वर्षं बरी गेली.

विषय निघालाच आहे तर सांगते, तुम्ही विचारलं नसलं तरी. रिठ्याच्या बिया काढून टरफलं रात्रभर भिजवा, सकाळी उकळा, गाळा आणि गार होऊ द्या. धुण्याचं पाणी कोमटाच्याही अलीकडचं, तीस अंशांच्या आसपास. विसळायचं पाणीही तेवढंच. एकदम गार पाण्यात नेलं की लोकर दचकते. चोळायचं नाही, पिळायचं तर नाहीच. टॉवेलात गुंडाळून दाबायचं. आणि घामट स्वेटर तसाच कपाटात ठेवू नका. भोकं पाडते ती कसरीची अळी, उडणारं पाखरू नव्हे, आणि अळीला घामाचे डाग फार आवडतात. डांबराच्या गोळ्या नंतर, आधी धुणं.

तर २०१६. आमच्याकडे तीन वर्षं काम शिकलेल्या मुलानं पुढच्याच गल्लीत दुकान टाकलं. टाकू दे, गावात थंडी सगळ्यांनाच वाजते. पण दर आमच्या निम्मा, आणि गिऱ्हाइकांना सांगायचा की बाई अजून बादलीत धुतात. बादली नाही, घंगाळ! त्या हिवाळ्यात माझी निम्मी गाठोडी तिकडे गेली. फेब्रुवारीत त्यातली काही परत आली, आटून. लोक विचारायचे, काही करता येईल का? मी जुनी आखणी ड्रॉवरमधून काढून त्यावर स्वेटर ठेवून दाखवायचे. चारी बाजूंनी चार-चार बोटं कागद दिसायचा. नमदा झालेली लोकर परत उकलत नाही, मी काय करणार?

सुभेदारांच्या जर्सीची आखणी त्याच ड्रॉवरमध्ये आहे. आता गाठोडं नातू आणतो, मोटारसायकलवरूनच. वास मात्र घेत नाही.

परवा त्याला सोडायला कोपऱ्यापर्यंत गेले, तर आमच्याकडे शिकलेल्या त्या मुलाच्या दुकानावर नवी पाटी. 'वूलन स्पेशालिस्ट. स्थापना २००२.' २००२ साली तो चौथीत होता.