चिरानमधलं कातकाना पत्र

जपानच्या दक्षिणेतल्या कागोशिमाहून चिरानला बसने सव्वा तास लागतो. भुरभुर पावसात चहाचे मळे मागे पडले आणि रस्त्याकडेला दगडी कंदिलांची रांग सुरू झाली. संग्रहालय जवळ आलं होतं.

दुसऱ्या महायुद्धात विमानासह शत्रूच्या जहाजांवर आदळून मरणाऱ्या ज्या वैमानिकांना आपण कामिकाझे म्हणतो, त्यांना इथे ‘तोक्को’ म्हणतात; संग्रहालय त्यांचंच. 1945 च्या ओकिनावाच्या लढाईत लष्कराचे 1,036 वैमानिक अशा मोहिमांत गेले, त्यांतले 439 चिरानच्या लष्करी तळाच्या धावपट्टीवरून. भिंतीवर त्यांचे फोटो आहेत. वैमानिक कसले, पोरंच! जवळच्या बानसेई तळावरचा युकिओ अराकी 17 वर्षांचा. हातात कुत्र्याचं पिल्लू घेतलेला त्याचा फोटो 26 मेचा आहे. दुसऱ्या दिवशी तो गेला.

काचेखालची पत्रं ब्रशने लिहिलेली, वळणदार. मला त्यातलं ओ की ठो कळेना. हॉटेलातली मेनूकार्डं वाचता यावीत म्हणून मी कातकाना ही जपानीची एक सोपी लिपी तेवढी शिकलोय. आणि अचानक एक पत्र वाचता यायला लागलं. ओ-तो-उ-सा-न. बाबा! कॅप्टन कुनो मासानोबु यांनी आपल्या दोन लहानग्यांना लिहिलेलं. तेव्हा जपानी मुलं आधी कातकाना शिकत, म्हणून बापाने मुद्दाम त्याच लिपीत लिहिलं. मीही बालवाडीतल्या पोरासारखा एकेक अक्षर लावत बसलो.

अर्थ मात्र भाषांतरातूनच कळला. मी दिसलो नाही तरी तुमच्याकडे बघत असेन, आईचं ऐका, दुसऱ्यांच्या बाबांचा हेवा करू नका. इथवर डोळे भरून आले होते. पुढे वाचलं, मोठे होऊन माझा सूड घ्या. हे पोरांना सांगायचं? मी दोनदा वाचलं. मायाही त्याचीच, सूडही त्याचाच. त्यातलं एक गाळून रडणं मला जमेना.

लष्कर पत्रं तपासायचं, हेही लक्षात ठेवायला हवं. म्हणून काही पोरं आपली पत्रं गावात खाणावळ चालवणाऱ्या तोरिहामा तोमे बाईंकडे द्यायची आणि त्या ती गुपचूप पोस्टात टाकायच्या. पोरं त्यांना आईच म्हणत.

बाहेर झाडीत त्रिकोणी छपराची बराक पुन्हा बांधून ठेवली आहे. निम्मी जमिनीत गेलेली, आत दोन्ही बाजूंना झोपायच्या फळ्या. शेवटची रात्र इथेच. आत गेलो आणि लगेच बाहेर आलो.

इथून उडालं की थोड्याच वेळात 924 मीटर उंचीचा काइमोन डोंगर लागे. मुख्य भूमीचं शेवटचं दर्शन तेच. वैमानिक मागे वळून त्याच्याकडे बघत. मलाही तो बघायचा होता. बसथांब्यावर अर्धा तास दक्षिणेकडे तोंड करून उभा राहिलो. ढग काही हलले नाहीत.