बाबांचा कंपवात, टेराहर्ट्झचं मशीन आणि गोळीची वेळ

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या भागात कंपवातावर (पार्किन्सन्सवर) टेराहर्ट्झचं मशीन विकायला माणसं येतात. डोक्यावर गरम वारा सोडणारा ड्रायरच तो. बाबांसाठी घ्यायचं का, हे मी आधी हिशेबानं तपासलं. ०.१ ते १० टेराहर्ट्झ हा मायक्रोवेव्ह आणि इन्फ्रारेड यांच्या मधला लहरींचा पट्टा. पाणी या लहरी झपाट्यानं शोषतं. १ टेराहर्ट्झची लहर मिलिमीटरचा दहावा भाग पाणी पार करेस्तोवर बहुतेक जिरलेली असते. कातडीत पाणीच पाणी, खाली काही मिलिमीटर जाड कवटी, आणि कंपवातात मरणाऱ्या पेशी, म्हणजे हालचालीचा निरोप नेणारं डोपामाइन हे रसायन बनवणाऱ्या, मध्यमेंदूत, कित्येक सेंटिमीटर आत. तिथवर लहर पोचतच नाही. संशोधन चालू आहे हे खरं, पण ते प्रयोगशाळेत बशीतल्या पेशींवर, प्रथिनांवर, उंदरांवर, वारंवारता आणि शक्ती मोजून. आणि नुसत्या लहरी सुटतात म्हणून उपचार होत नाही; तापलेला तवाही या पट्ट्यातल्या थोड्या लहरी सोडतोच. मशीन घेतलं नाही.

सेवाग्रामची ओपीडी गाठली. निदान मुख्यतः अंग तपासूनच होतं. साध्या एमआरआयात कंपवात दिसत नाही, तो दुसरी कारणं वगळायला काढतात. चालतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ न्यावा, वळताना पावलं कशी पडतात ते दिसेल असा. आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्यावी, कारण चक्करेसाठी बरेच दिवस घेतलेली सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन स्वतःच असा कंप आणू शकते.

खरी कसरत पुढे असते. लेवोडोपा-कार्बिडोपा ही मेंदूत डोपामाइन भरून काढणारी गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभरानं घ्यायची. तुरीचं वरण, दूध यांतली प्रथिनं आतड्यात आणि मेंदूच्या वेशीवर गोळीची वाट अडवतात, मग गोळी नीट लागत नाही. म्हणून आम्ही घट्ट वरण रात्रीच्या जेवणात नेलं. मळमळलं तर सोबत साधं बिस्किट चालतं. लोहाची गोळी दोन तास दूर ठेवावी. वहीत तीन रकाने आखावे: गोळी घेतली कधी, हात मोकळा झाला कधी, पुन्हा जखडला कधी. डोस ठरवताना डॉक्टरांना हेच लागतं. गोळी मनानं एकदम बंद करू नये. अंग ताठरून ताप चढू शकतो, जिवावर बेतू शकतं.

उलटी झाली की गावात मेटोक्लोप्रमाइड या उलटी थांबवणाऱ्या औषधाची सुई पटकन देतात. ती डोपामाइनच अडवते. म्हणून 'कंपवात आहे, मेटोक्लोप्रमाइड नको' असं लिहिलेला कागद बाबांच्या खिशात असतो. आमच्याकडच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की उभं राहताना रक्तदाबही कोसळतो. खाटेवर आधी बसावं, पाय हलवावे, मगच उठावं.