मागचा डावा बेलो: गळती सापडली, काम झालं

मागचा डावा कोपरा रात्रीतून बसतो, ही तक्रार जुनीच. गाडी बारा वर्षांची एसयूव्ही आहे. चारही चाकांना एअर सस्पेन्शन, मागे शॉकअप वेगळा आणि हवेचा बेलो (स्प्रिंगऐवजी गाडी पेलणारी हवा भरलेली रबरी पिशवी) वेगळा. एका वर्कशॉपने मागचे दोन्ही बेलो, व्हॉल्व्ह ब्लॉक (कुठल्या बेलोला हवा जायची ते ठरवणारा) आणि कॉम्प्रेसर असं सगळंच बदलायचं कोटेशन हातात दिलं. हवा नेमकी कुठून जाते, हे मात्र तिथे कुणी वाकून पाहिलं नव्हतं. म्हणून ठरवलं, आधी गळती सापडली पाहिजे, पार्टचं नंतर बघू. कामातला निम्म्याहून जास्त वेळ या शोधातच गेला, आणि माझ्या मते तो जायलाच हवा होता.

आधी फ्यूज काढा, मग टेप घ्या

किल्ली काढली म्हणून सस्पेन्शनचा कंट्रोलर झोपत नाही. बऱ्याच गाड्यांत तो मधूनमधून जागा होतो, उंची तपासतो, आणि एक कोपरा खाली गेलेला दिसला तर बाकीच्यांची हवा सोडून गाडी सपाट करतो. सकाळी चारही कोपरे बसलेले दिसतात आणि दोषी कोण ते कळत नाही. सस्पेन्शनचा फ्यूज काढला की कंट्रोलर बंद राहतो आणि प्रत्येक कोपरा आपापला वागतो.

माप चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत सरळ उभं घ्यायचं. जमिनीपासून घेतलं तर टायरमधल्या हवेचाही परिणाम त्यात मिसळतो. चारही मापं फेंडरवर मास्किंग टेप लावून तिथेच लिहून ठेवली.

सकाळी तीन कोपरे 5 ते 7 मिलिमीटर खाली होते, मागचा डावा 48. ते 5-7 मिलिमीटर पाहून घाबरायचं कारण नाही. कोल्हापुरात सध्या दुपारी 30 अंश आणि पहाटे 18, म्हणजे केल्विनमध्ये 303 वरून 291. बेलोवरचं वजन बदलत नाही, त्यामुळे दाब जवळपास तोच राहतो आणि हवेचं आकारमान साधारण चार टक्क्यांनी घटतं. सगळे कोपरे सारखेच थोडे उतरले तर ती थंडी. एकच कोपरा उतरला तर गळती.

ब्लॉक की बेलो?

हवा बेलोतून जाते, नळीतून जाते की व्हॉल्व्ह ब्लॉकमधून मागे सरकते, हे वेगळं काढायला एक छोटी जोडणी बनवली. सगळं सामान शिवाजी उद्यमनगरात मिळालं. कारखान्यांसाठी न्यूमॅटिकचं सामान विकणाऱ्या दुकानात 6 मिलिमीटरचे पुश फिटिंग (नळी आत ढकलली की बसते असा जोड), टी (तीन तोंडांचा जोड), बॉल व्हॉल्व्ह आणि दाब मोजायचा 0 ते 16 बारचा गेज सहज मिळतो. काउंटरवरच्या काकांनी कशासाठी पाहिजे ते विचारून घेतलं आणि म्हणाले, "पीयू (पॉलियुरेथेन) नळी नको, दाबात आणि उन्हात मऊ पडते. नायलॉन न्या, आणि कात्रीनं कापू नका. कटर घ्या, तोंड काटकोनात आलं पाहिजे." हा सल्ला लाखमोलाचा आहे. नळीचं तोंड तिरकं कापलेलं असेल तर फिटिंगमधली ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी) पूर्ण बसत नाही आणि दुरुस्तीच्या जागीच नवी गळती तयार होते.

कोपऱ्याची हवा सोडून नळी ब्लॉकपासून सोडवली, आपल्या जोडणीला लावली, घरच्या छोट्या कॉम्प्रेसरने गाडी नेहमीच्या उंचीला आणली आणि बॉल व्हॉल्व्ह बंद केला. ब्लॉक आता या खेळातून बाहेर.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण यातून चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. गेजचा काटा जागचा हलला नाही. साडेपाच बारच्या आसपास होता, तिथेच राहिला. पण टेप सांगत होता की कोपरा बसतोय. वर गाडीचं वजन तेवढंच असल्यावर बेलो हवा गमावतो तसा खाली येतो, दाब मात्र जवळपास कायम ठेवतो. काटा पडायला लागतो तो वजन बंप स्टॉपवर (पार खाली बसल्यावर गाडी ज्यावर टेकते त्या रबरी ठोकळ्यावर) टेकल्यावर. म्हणून गाडी चाकांवर उभी असताना गेजवर विसंबू नका, उंची मोजा. ब्लॉक सुटा असूनही उंची घटली, म्हणजे गळती बेलोत किंवा त्याच्या नळीत. ब्लॉकचा खर्च तिथेच वाचला.

साबणाचं पाणी

बाटलीत पाणी, सौम्य शाम्पू आणि थोडं ग्लिसरीन. ग्लिसरीनमुळे फेस लवकर विरत नाही. वरच्या फिटिंगवर मारलं, काही नाही. नळीभर मारलं, काही नाही. बेलोच्या उघड्या भागावरही शांतता.

मग गाडी सर्वांत उंच पातळीला नेली. बेलोचं रबर खालच्या पिस्टनवर दुमडून खालीवर लोळत असतं, आणि नेहमीच्या उंचीला जो पट्टा दुमडीत लपतो तो गाडी उंच केल्यावर बाहेर येतो. त्या पट्ट्यात लाल माती चिकटलेली होती. ओल्या फडक्याने पुसली तर खाली केसासारख्या बारीक चिरांची जाळी दिसली. साबण मारून टॉर्च धरला. पहिल्यांदा काहीच नाही, मग एका चिरेच्या टोकाला मोहरीएवढा पांढरा ठिपका आला. तो हळूहळू फुगला, शेजारी दुसरा आला, आणि थोड्या वेळात फेसाचा शेवाळासारखा पुंजका तयार झाला. आवाज अजिबात नव्हता. इतक्या बारीक गळतीला कान लावून उपयोग नाही.

पंक्चरचा पॅच लावून बघा असं दोघांनी सुचवलं. मी लावला नाही. तो पट्टा प्रत्येक खड्ड्यात दुमडतो आणि उलगडतो, आत दोऱ्यांचे थर आहेत, आणि चिरा त्या थरांपर्यंत पोचल्या की वरून लावलेलं काहीही टिकत नाही.

बदलताना

हवेवर उभ्या गाडीखाली कधीही जायचं नाही, हे पुन्हा एकदा लिहितो. आधी जॅक मोड (सस्पेन्शनला आपोआप उंची बदलू न देणारा), मग जॅक, मग दोन्ही बाजूंना स्टँड, आणि गाडीचं वजन स्टँडवर आल्यावरच चाक काढायचं. हवा सोडताना डोळ्यांवर चष्मा घालायचा, नळीचा नट जेमतेम सैल करायचा आणि फुसफुस पूर्ण थांबेपर्यंत हात लावायचा नाही.

जुना बेलो निघायला फार त्रास झाला नाही. नवा बसवताना तीन गोष्टी पाहिल्या: वरची खूण जागेवर आली, रबराला पीळ पडला नाही, आणि दुमड सगळीकडून सारखी उतरली. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रिकाम्या बेलोवर गाडी सोडायची नाही. रबर चिमटलं तर नवा पार्ट पहिल्याच दिवशी वाया. गाडी स्टँडवर असतानाच आपल्या जोडणीतून थोडी हवा भरली, दुमड गोल झालेली पाहिली, नळी ब्लॉकला परत जोडली आणि मगच गाडी हळूहळू खाली घेतली. उंचीच्या सेन्सरला हात लावला नव्हता, त्यामुळे कॅलिब्रेशन लागलं नाही.

ड्रायर

गळतीचं खरं नुकसान कॉम्प्रेसरकडे होतं, आणि ते फक्त जास्त चालल्यामुळे नाही. कॉम्प्रेसरमधून हवा बाहेर पडते त्या तोंडाशी ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचा ड्रायर असतो. गाडी खाली येताना बेलोतली कोरडी हवा याच ड्रायरमधून उलटी बाहेर पडते आणि दाणे पुन्हा सुकवते. गळक्या बेलोतली हवा या वाटेने परत येतच नाही, ती चिरेतून निघून जाते. कॉम्प्रेसर मात्र बाहेरची ओली हवा आत घेतच राहतो. दाणे भिजतात आणि पाणी पुढे व्हॉल्व्ह ब्लॉकपर्यंत जातं. आपल्या पावसाळ्यात तर विचारायलाच नको. माझ्या ड्रायरमधले दाणे ओलसर होते आणि तळाशी पिठासारखी भुकटी झाली होती. दाणे बदलले, जाळी आणि ओ-रिंग नवी टाकली. कॉम्प्रेसर चालू-बंद करणारा रिले पण बदलला, कारण सतत चालून त्याचे पॉइंट चिकटले तर कॉम्प्रेसर बंदच होत नाही.

कॉइल स्प्रिंग टाकून मोकळा हो, असंही ऐकवलं गेलं. हा मोह जुना आहे. 1957 च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रूमला चारही चाकांवर हवा होती आणि पुढे तिच्या कित्येक मालकांनी गळतीला कंटाळून कॉइल बसवले. पण मागे पाच पोती भरली तरी गाडी सपाट उभी राहते, आंबा घाटातल्या वळणांवर तोल सोडत नाही, हे सुख मला हवंय. त्यासाठी दुमडीतली माती धुवायची मेहनत मी आनंदाने करेन.

सध्याची स्थिती

फ्यूज काढून रात्रभर ठेवलेल्या गाडीची सकाळची मापं: पुढे 5 आणि 6 मिलिमीटर, मागे उजवा 7, मागे डावा 5. कॉम्प्रेसर आता गाडी उचलून लगेच गप्प होतो.

मागचा उजवा बेलो त्याच वयाचा आहे. दुमडीत बारीक रेघा दिसतात, साबणाला अजून फेस नाही. तो मागवलाय. तो बसवताना ब्लॉकच्या ओ-रिंगही काढून बघणार आहे. अशा ब्लॉकमध्ये नायट्राइल रबराच्या ओ-रिंग कुणी बसवून वापरल्या असतील तर जाडी आणि कडकपणा कळवा.