तुम्ही विचारलंत म्हणून: प्रतिकारशक्ती चांगली होती, मग आठव्या दिवशी काय झालं?

“बीपी नाही, शुगर नाही, रोज चालायला जायचे. ताप उतरला होता, रात्री नीट जेवले, आणि आठव्या दिवशी ऑक्सिजन एकदम खाली. प्रतिकारशक्ती इतकी चांगली असताना असं का झालं?” करोनाची २०२१ची लाट ओसरून इतकी वर्षं झाली, तरी हा प्रश्न येत राहतो. त्याच्या मागे बहुतेकदा आणखी एक प्रश्न असतो, जो कोणी मोठ्याने विचारत नाही: आमचं काही चुकलं का? म्हणून पहिल्या दिवसापासून सांगते.

मला ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्दच अडचणीचा वाटतो. शक्ती म्हटली की ती कमी-जास्त असणार, काढा घेऊन वाढणार, असं मनात येतं. पण गंभीर आजारी पडलेल्यांच्या रक्तात अँटीबॉडी सौम्य आजार झालेल्यांपेक्षा सहसा जास्तच सापडतात. घोळ वेळेचा होतो. जे पहिल्या दोन दिवसांत व्हायचं ते होत नाही, आणि जे थांबायला हवं ते दुसऱ्या आठवड्यात थांबत नाही.

विषाणू पेशीत शिरला की ती पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिनं सोडते. हा शेजारपाजारच्या पेशींना दिलेला इशारा. तो मिळताच त्या प्रथिनं बनवण्याचं काम आवरतं घेतात आणि विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचा जनुकीय मजकूर, तोडणारी विकरं (एन्झाइम) तयार ठेवतात. हे सगळं काही तासांत व्हायला हवं. करोनाचा विषाणू नेमका इथेच खोडा घालतो. त्याचं एनएसपी-१ हे प्रथिन पेशीच्या रायबोसोमची, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राची, वाट अडवतं, म्हणजे इंटरफेरॉन बनायलाच अडचण. ओआरएफ-६ हे दुसरं प्रथिन इशारा पेशीच्या केंद्रकाच्या, म्हणजे जिथे डीएनए असतो त्या भागाच्या, दारात रोखतं. बहुतेकांमध्ये पेशी तरीही मात करतात. काहींमध्ये नाही.

का नाही, याचं एक उत्तर २०२० मध्ये मिळालं आणि मला ते या सगळ्या संशोधनातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. जाँ-लोराँ काझानोव्हा या संशोधकाच्या गटाने करोनाच्या जीवघेण्या न्यूमोनियाचे ९८७ रुग्ण तपासले. त्यातल्या १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणाऱ्या अँटीबॉडी होत्या. १०१ पैकी ९५ पुरुष. ज्यांचे आजारापूर्वीचे नमुने तपासता आले, त्यांच्यात त्या आधीपासूनच होत्या. अशा माणसाला एरवी काहीच जाणवत नाही. नेहमीच्या हेल्थ चेकअपमध्ये हे दिसत नाही, आणि चालण्याने, च्यवनप्राशने किंवा व्हिटॅमिन सीने ते बदलतही नाही.

आता पाचव्या ते आठव्या दिवसाकडे. घशातला विषाणू लक्षणं सुरू होण्याच्या सुमारास सर्वाधिक असतो, मग उतरू लागतो. तापही उतरतो आणि घरच्यांना हायसं वाटतं. पण पहिल्या दिवसांत मोकळं रान मिळालेला विषाणू तोवर फुप्फुसात पोचलेला असतो.

तिथला एकच वायुकोश डोळ्यांपुढे आणा. हवा आणि रक्त यांच्यातली भिंत एक मायक्रॉनपेक्षाही पातळ. आतून सरफॅक्टंट नावाच्या द्रवाचा ओलसर थर, त्यामुळे कोश मिटत नाही. हा थर बनवणाऱ्या टाइप-२ पेशींनाच विषाणू धरतो. त्या मरतात, तिथल्या मॅक्रोफेज नावाच्या पहारेकरी पेशी मदत मागवतात, रक्तातून मोनोसाइट आणि न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात. आयएल-६, आयएल-१, टीएनएफ ही दाह वाढवणारी रसायनं, म्हणजे सायटोकाइन, वाढतात. न्यूट्रोफिल स्वतःच्या डीएनएची जाळी फेकतात. त्यात विषाणू फारसा अडकत नाही, रक्त मात्र गोठू लागतं. केशवाहिनीच्या भिंतीला फटी पडतात, प्रथिनयुक्त पाणी कोशात झिरपतं आणि आतून चिकट पडदा धरतो. आता नाकाला कितीही ऑक्सिजन लावा, तो पडद्यापलीकडे नीट जात नाही. २०२० मधल्या शवविच्छेदनांत, नमुने थोडे असले तरी, करोनाच्या फुप्फुसांत केशवाहिन्यांतल्या गुठळ्या इन्फ्लुएंझाच्या तुलनेत नऊपट आढळल्या. याला सगळीकडे ‘सायटोकाइन स्टॉर्म’ म्हटलं गेलं. मला तो शब्द पुरता पटत नाही. या रुग्णांच्या रक्तातलं आयएल-६ सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाने सगळं शरीर कोलमडतं तेव्हा, दिसतं त्याहून बरंच कमी असतं. मुख्य होरपळ फुप्फुसात होते.

आणि रुग्णाला हे कळत का नाही? धाप लागण्याची जाणीव मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचल्याने होते. तो या पडद्यातूनही सहज बाहेर पडतो. म्हणून ऑक्सिमीटरवर ८८ दिसत असताना माणूस फोनवर बोलत असतो. तुमच्या लक्षात आलं नाही, कारण त्यांनाही जाणवत नव्हतं. डॉक्टर सहा मिनिटं चालून पुन्हा ऑक्सिमीटर लावायला सांगत, ते यासाठीच: बसून ९६ आणि चालल्यावर ९१ असेल, तर फुप्फुसात राखीव काही उरलेलं नाही. दिवस मोजायचे ते पहिल्या लक्षणापासून, रिपोर्टच्या तारखेपासून मोजले की हिशेब दोन-तीन दिवसांनी चुकतो. दुसऱ्या दिवशी काढलेल्या छातीच्या सीटी स्कॅनचा २५ पैकी २ स्कोअर पुढच्या आठवड्याबद्दल काहीच सांगत नाही. सीआरपी (दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन) चढतोय आणि लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) हजाराच्या खाली उतरतायत, ही जोडी जास्त बोलकी.

स्टेरॉइड काहींना वाचवतं आणि काहींना नाही, हे कोडंही इथेच सुटतं. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस दिलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले, ऑक्सिजनवरच्यांत २६.२ वरून २३.३ वर. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांच्यात मात्र औषधाविना १४ आणि औषधासह १७.८ टक्के, हा फरक योगायोगाचा असू शकतो, पण फायदा नक्कीच दिसला नाही. दुसऱ्या दिवशी स्टेरॉइड दिलं की जो इशारा जोरात जायला हवा तोच दबतो. शिवाय साखर चढते. मोठ्या डोसचं, लांबलेलं स्टेरॉइड आणि आटोक्यात नसलेला मधुमेह एकत्र आले, तिथे म्युकरमायकोसिसने (काळ्या बुरशीने) डोळे आणि जबडे नेले.

टोसिलिझुमॅब या आयएल-६ला अडवणाऱ्या औषधासाठी २०२१ मध्ये लोक शहरभर फिरले. त्याच चाचणीत ऑक्सिजन कमी आणि सीआरपी लिटरमागे ७५ मिलिग्रॅम किंवा जास्त (काही लॅब डेसिलिटरमध्ये देतात, तिथे ७.५ दिसतो) अशांनाच ते दिलं, मृत्यू ३५ वरून ३१ टक्क्यांवर आले. फायदा खरा, पण एवढाच. बऱ्या झालेल्यांच्या रक्तातून काढलेल्या प्लाझ्माचं तर स्पष्ट सांगते: आयसीएमआरच्या ४६४ रुग्णांच्या चाचणीत त्याने ना आजार बळावणं थांबलं, ना मृत्यू टळले, आणि मे २०२१ मध्ये तो देशाच्या उपचारसूचीतून काढला गेला. प्लाझ्मा मिळाला नाही म्हणून माणूस गेला, असं कृपा करून मानू नका.

वेळेचं गणित खात्रीने बदलते ती लस. पहिल्यांदाच विषाणू पाहणाऱ्या शरीराला अँटीबॉडी आणि टी-पेशींची फौज उभी करायला एक ते दोन आठवडे लागतात. विषाणूची ओळख लक्षात ठेवणाऱ्या स्मृतिपेशी लसीमुळे आधीच तयार असतील तर हेच काम काही दिवसांत होतं, फुप्फुसात आग पसरण्याआधी. पण तुमच्या घरातला माणूस पंचेचाळिशीच्या आतला असेल आणि एप्रिल २०२१ मध्ये आजारी पडला असेल, तर आरोग्यसेवेसारख्या कामात नसलेल्या त्या वयाच्या माणसाला लस मिळतच नव्हती. १८ ते ४४ वयोगटासाठी ती १ मे २०२१ ला खुली झाली.