#नाशिकमध्ये कुणी सापडत नाही

पावसाळ्यात गंगापूर धरणाचा विसर्ग वाढला की नाशिककरांची ट्विटं धडाधड पडायला लागतात. (जुलै २०२३ पासून ट्विटरचं नाव एक्स आहे, पण तोंडात ट्विटच बसलंय.) त्यातली निम्मीअर्धी एकमेकांना सापडत नाहीत, आणि त्याला कारण आपले विभक्ती प्रत्यय. '#नाशिक' हा एक हॅशटॅग, '#नाशिकमध्ये' हा दुसराच. '#नाशिकला', '#नाशकात' यांचीही तीच गत. प्रत्येकाचं दुकान वेगळं.

'#नाशिक रोड' त्याहून फसवं. मोकळी जागा आली की हॅशटॅग संपतो, म्हणजे टॅग लागतो नुसत्या नाशिकचा आणि रोड बाहेर उभा. स्टेशनाबाहेरच्या रिक्षांबद्दलचा प्रश्न मग साऱ्या शहराच्या गर्दीत हरवतो. '#नाशिक_रोड' चालतं, '#नाशिकरोड'ही चालतं. संयोगचिन्ह मात्र चालत नाही, '#द्वारका-सीबीएस' लिहिलं तर द्वारकेवरच तुटतं. सरळ उपाय असा: वाक्य नेहमीसारखं प्रत्ययांसकट लिहायचं आणि हॅशटॅग शेवटी, मूळ रूपात. एक-दोन पुरे.

गंमत म्हणजे हँडलला, म्हणजे '@' लावून लिहायच्या खात्याच्या नावाला, प्रत्ययाची ही अडचण नाही. हँडल फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर यांचं, जास्तीत जास्त १५ अक्षरांचं. त्यामुळे पाठीमागे देवनागरी 'ला' किंवा 'ने' चिकटवला तरी मेन्शन बरोबर लागतं.

शोधतानाही एकाच रूपावर थांबू नका. 'नाशिक', 'नाशिकला', 'नाशकात' यांच्यामध्ये रोमन मोठ्या अक्षरांतला 'ओआर' टाकून एकदमच शोधा.

खड्ड्याची तक्रार करताना बहुतेक जण महापालिकेच्या हँडलनेच सुरुवात करतात. '@' पहिलं आलं की ते ट्विट उत्तर समजलं जातं आणि तुमच्या प्रोफाइलवर रिप्लायच्या खान्यात जाऊन पडतं. चारचौघांनी बघावं असं वाटत असेल तर आधी जागा लिहा ('मुंबई नाक्याच्या सर्कलजवळ'), हँडल नंतर. दहा-बारा जणांना टॅग करून तर काहीच साधत नाही; वैतागलेली माणसं तीन ठिपक्यांतून 'संभाषण सोडा' दाबून निघून जातात.

मर्यादा २८० ची, पण काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. 'द्राक्षं' डोळ्यांना दोन अक्षरं, मोजणीत ८. लिंक कितीही लांब असो, २३ धरतात. म्हणून मराठीत थ्रेड (एकाखाली एक जोडलेली ट्विटं) लवकर करावा लागतो, आणि पहिलं ट्विट एकटं फिरणार हे धरूनच लिहावं लागतं. पुराच्या फोटोत हे फार जाणवतं. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी, एवढाच फोटो टाकला तर तो आजचा की चार वर्षांपूर्वीचा, कोण सांगणार? वार, वेळ आणि कुठून काढला हे त्याच ट्विटमध्ये हवं, खालच्या तिसऱ्यात नको. क्युसेक आणि टीएमसीचा घोळही इथलाच. क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) हा प्रवाहाचा वेग, टीएमसी (एक अब्ज घनफूट) हे घनफळ. दिवसभर सलग ११,५७४ क्युसेक सुटलं तर एक टीएमसी होतं.

एखाद्याचं चुकलं तर रिप्लाय द्यायचा की कोट करायचं, म्हणजे त्याचं ट्विट आपल्या ट्विटमध्ये घेऊन वर लिहायचं? त्याला सांगायचं असेल तर रिप्लाय. कोट केलं की तुमच्या अंगणात वेगळीच बैठक भरते, मूळ ट्विटखाली चाललेल्या गप्पांना तिचा पत्ताच नसतो. स्क्रीनशॉट टाकला तर ज्याचं ट्विट आहे त्याला सूचनाही जात नाही. ती पाठीमागची कुजबुजच.

फुकटच्या खात्यावर ट्विट दुरुस्त करता येत नाही. उत्तर आलेलं नसेल तर सरळ काढून नव्याने लिहा. उत्तरं आली असतील तर काढू नका, कारण ती उत्तरं मागे लोंबकळत राहतात आणि कोण कशाला 'नाही हो' म्हणतंय ते कळत नाही. त्याच ट्विटखाली 'दुरुस्ती:' असं लिहून बरोबर आकडा द्या.